पुण्याच्या इतिहासांतील २४ सप्टेंबर

इतिहासाचा तास संपला म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातीं पुष्कळदां नुसती सनावळी उरते. अमुक सालीं लढाई झाली, अमुक सालीं तह झाला, आणि परीक्षेचा कागद दिला कीं सारें विसरलें! सनावळी पाठ करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्यावांचून इतिहासांत पाऊल टाकतां येत नाहीं. परंतु तिचा अभ्यास आणखी एका रीतीनें करतां येतो. एक शहर घ्यावें, वर्षांतील एकच दिवस घ्यावा, आणि त्या दिवशीं त्या शहरांत निरनिराळ्या सालीं काय घडलें तें शेजारीं शेजारीं मांडून पाहावें. प्रस्तुत लेखासाठीं आम्हीं पुणें शहर व २४ सप्टेंबर हा दिवस निवडला आहे.

ह्या दिवशीं पुण्यांत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. १८७३ सालीं, बुधवारीं, जोतीराव फुले ह्यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. १९३२ सालीं, शनिवारीं, येरवड्याच्या तुरुंगांत पुणें करारावर सह्या झाल्या. दोहोंमध्यें बरोबर एकोणसाठ वर्षांचें अंतर आहे. तारखेंत कांहीं गूढ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. करार करणाऱ्यांनीं मुहूर्त शोधून काढला नव्हता. एका उपोषणाच्या पांचव्या दिवशीं, जिवाच्या भीतीनें, त्यांस ती तारीख गांठावी लागली. तथापि योगायोगानें शेजारीं आलेल्या दोन गोष्टी एकमेकींवर प्रकाश टाकूं शकतात. ज्याचें तोंड पिढ्यान् पिढ्या बंद केलेलें आहे त्याच्या वतीनें बोलावयाचें कोणीं, हा एकच प्रश्न ह्या दोन्ही दिवशीं पुण्यांत विचारला गेला.

पहिल्या प्रसंगीं जोतीरावांचें वय शेहेचाळीस वर्षांचें होतें. मिशन शाळेच्या वाचकांस हें जवळचें वाटेल कीं, त्यांचें इंग्रजी शिक्षण पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत, १८४१ ते १८४७ ह्या काळांत झालें. त्यापूर्वीं त्यांची शाळा एकदां सुटली होती. माळ्याच्या मुलास शिकून काय करावयाचें, असें कोणीं तरी वडिलांच्या, गोविंदरावांच्या, मनांत भरविलें आणि मुलगा मळ्यांतील कामास लागला. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट साहेब ह्या दोघांनीं गोविंदरावांची समजूत घातली आणि जोतीराव पुन्हा शाळेंत आले. एक मुसलमान व एक ख्रिस्ती असे दोन गृहस्थ एका माळ्याच्या मुलासाठीं त्याच्या वडिलांकडे शब्द टाकतात, ही गोष्ट आम्हांस पुढच्या कित्येक मोठ्या घटनांहून कमी मोलाची वाटत नाहीं. पालकहो, शेजारच्या घरांतील मूल शाळेंतून काढलें जात असतां आपण काय करतों, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें.

१८४८ सालीं जोतीरावांनीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरारबाई ह्यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली होती व तिचा त्यांच्या मनावर फार परिणाम झाला होता. सावित्रीबाई त्या पुण्याच्या शाळेंत शिकवूं लागल्या. वाडा देणारे भिडे ब्राह्मण, मदत करणारे गोवंडे व वाळवेकर हे शाळासोबती ब्राह्मण. तेव्हां जोतीरावांची लढाई माणसांशीं नसून व्यवस्थेशीं होती, हें प्रारंभींच ध्यानांत ठेवलें पाहिजे. पुढें त्यांनीं अस्पृश्य गणलेल्या मुलांमुलींसाठींहि शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीनें मांग व महार लोकांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. शाळेच्या वार्षिकासाठीं लेख मागितला असतां "आम्हांस काय लिहितां येणार?" असें म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या मुलीचें स्मरण ठेवावें. आपल्या लोकांविषयीं दुसऱ्यानें लिहावें ह्याची तिनें वाट पाहिली नाहीं.

१८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद सर्वांस मोकळा केला. १८७३ सालीं त्यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक निघालें. गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटलेल्या अमेरिकेंतील लोकांस त्यांनीं तें अर्पण केलें. पुण्याच्या पेठेंत बसून अटलांटिक महासागरापलीकडील गुलामांचे हाल आपल्या लोकांच्या हालांशेजारीं ठेवून पाहणारा हा गृहस्थ होता! त्याच वर्षीं, सप्टेंबराच्या २४ तारखेस, पुण्यांत सभा भरली व सत्यशोधक समाज स्थापन झाला. अध्यक्ष व कोषाध्यक्ष स्वतः जोतीराव झाले. चिटणिसाचें काम नारायणराव कडलक ह्यांजकडे आलें.

समाजाचें मुख्य म्हणणें थोडक्यांत सांगतां येतें. ईश्वर एक आहे, सर्व माणसें त्याचीं लेकरें आहेत, आणि लेकरानें आईबापाजवळ जावयाचें तर मधल्या दलालाची गरज नाहीं. हें वाक्य आज वाचतांना सोपें वाटतें. परंतु त्या काळीं कुणब्यामाळ्याच्या घरांत मूल जन्मलें, लग्न निघालें किंवा माणूस मेला, तरी दुसऱ्याच्या तोंडच्या न समजणाऱ्या शब्दांवांचून कांहींहि होत नसे, आणि त्या प्रत्येक शब्दाची दक्षिणा मोजावी लागे. कर्ज काढून लग्न व कर्ज काढून श्राद्ध! शेतकऱ्याच्या दारिद्र्याचें एक मूळ येथें आहे, हें जोतीरावांनीं ओळखलें. म्हणून समाजानें नुसतीं व्याख्यानें दिलीं नाहींत. त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं समाजाच्या पद्धतीनें पहिला विवाह पुण्यांत लागला. त्यांत ब्राह्मण पुरोहित नव्हता. आमच्या नाताळच्या दिवशीं तें लग्न लागलें, ह्याची ख्रिस्ती वाचकांस गंमत वाटेल. वधूवरांनीं एकमेकांस वचन द्यावें, तें त्यांस कळेल अशा मराठींत द्यावें, आणि खर्च बेताचा व्हावा, असा ह्या पद्धतीचा रोख होता. धर्माचा शब्द माणसास समजला पाहिजे, एवढ्या एका गोष्टीनें किती गोष्टी बदलतात पाहा.

पुढें १८७७ च्या आरंभीं कृष्णराव भालेकर ह्यांनीं पुण्यांत 'दीनबंधु' पत्र काढलें. तें समाजाच्या मतांचें पत्र होय. त्याच वर्षींच्या दुष्काळांत धनकवडी येथें निराधार मुलांच्या अन्नाची सोय करण्याकामीं जोतीराव, सावित्रीबाई व समाजाची मंडळी राबली. १८८२ सालीं सरकारनें नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढें जोतीरावांनीं निवेदन दिलें व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिची गांठ आपणांस पुढें पडणार आहे.

येथें आम्हां ख्रिस्ती लोकांस स्वतःविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. जोतीराव मिशन शाळेंत शिकले, मिशनरी मंडळींशीं त्यांचा स्नेह होता, तरी ते ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांनीं ईश्वरास 'निर्मिक' हें नांव दिलें, आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ सालीं, प्रसिद्ध झाला. कांहीं ख्रिस्ती वाचक ह्याविषयीं हळहळतात. जणूं काय दारापर्यंत आलेला पाहुणा परत गेला! आम्हांस तसें वाटत नाहीं. सत्य शोधणारास आपण कोठें पोहोंचावें हें ठरविण्याचा अधिकार असतो. शिवाय जातीचा प्रश्न ज्या मंडळ्यांनीं आपल्यापुरता पुरता सोडविला असेल त्यांनींच न्यायासनावर बसावें. उपासनेस बसतांना, प्रभुभोजनाच्या वेळीं, आणि सर्वांत अधिक सोयरीक जुळवितांना, आमच्या देशांतील किती तरी मंडळ्यांत पूर्वजांच्या जातीची आठवण अजून निघते, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको.

आतां आपण एकोणसाठ वर्षें ओलांडूं. जोतीराव १८९० त वारले. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगांत रुग्णांची सेवा करतां करतां गेल्या. पुण्यांत कॉलेजें आलीं, सभा-परिषदा आल्या, राजकारण आलें. परंतु १९२९ च्या ऑक्टोबरांत पर्वतीच्या देवळांत जाऊं इच्छिणाऱ्या अस्पृश्य बांधवांस त्याच पुण्यांत सत्याग्रह करावा लागला, आणि देऊळ उघडलें नाहीं. हें एक उदाहरण मधल्या काळाची कल्पना येण्यास पुरे आहे.

त्याच सुमारास, हिंदुस्थानास जी नवी राज्यघटना द्यावयाची तिचा विचार लंडनमध्यें गोलमेज परिषदांत चालला होता. तेथें अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधि म्हणून डॉ. भीमराव आंबेडकर व मद्रासचे रावबहादुर श्रीनिवासन गेले होते. कायदेमंडळांत ह्या वर्गाचे प्रतिनिधि कोणीं निवडावे, ह्यावर एकमत होईना. अखेर ऑगस्ट १९३२ मध्यें ब्रिटिश मुख्य प्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड ह्यांनीं आपला निवाडा जाहीर केला. त्यास जातीय निवाडा म्हणतात. त्यांत अस्पृश्य वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, व सर्वसाधारण मतदारसंघांतहि त्यांचें मत कायम ठेवलें होतें.

स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय, हें लहान विद्यार्थ्यांस एका उदाहरणानें सांगूं. एका वर्गांत चाळीस मुलें आहेत असें समजा. त्यांपैकीं पांच वसतिगृहांत राहतात. वसतिगृहाच्या मुलांचा एक प्रतिनिधि निवडावयाचा आहे. त्या पांचांनींच मतें देऊन तो निवडला तर तो स्वतंत्र मतदारसंघ. प्रतिनिधि वसतिगृहाचाच असावा, पण मतें चाळीसांनींहि द्यावीं, असें ठरलें तर तो राखीव जागेचा संयुक्त मतदारसंघ. पहिल्या पद्धतींत प्रतिनिधि खरोखर त्या पांचांचा असतो, पण वर्गाचे दोन तुकडे पडण्याची भीति असते. दुसरींत वर्ग एक राहतो, पण पस्तीस मुलांस जो आवडेल, जो त्यांच्याशीं भांडणार नाहीं, तोच निवडून येण्याची भीति असते. आतां ह्या पांच मुलांस आजवर वर्गांतील माठास हात लावूं दिलेला नव्हता, असेंहि त्या उदाहरणांत घाला, म्हणजे डॉ. आंबेडकरांस पहिली पद्धति कां हवी होती तें ध्यानांत येईल.

महात्मा गांधी त्या वेळीं येरवड्याच्या तुरुंगांत होते. स्वतंत्र मतदारसंघांनीं हिंदु समाज कायमचा दुभंगेल व अस्पृश्यतेवर कायद्याचें शिक्कामोर्तब होईल, असें त्यांचें मत होतें. त्यांनीं प्राणांतिक उपोषण जाहीर केलें आणि मंगळवार, २० सप्टेंबर रोजीं दुपारीं त्यास आरंभ केला. त्यांचें वय त्रेसष्टाच्या घरांत होतें. शरीर पाहतां पाहतां खालावलें. तुरुंगाच्या आवारांतील एका आंब्याच्या झाडाखालीं त्यांची खाट होती. तेथेंच पंडित मालवीय, सर तेजबहादुर सप्रू, बॅरिस्टर जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद इत्यादि मंडळींची ये-जा चाले, आणि तेथेंच डॉ. आंबेडकर, वय वर्षें एकेचाळीस, वाटाघाटीस येत.

त्या चार-पांच दिवसांत डॉ. आंबेडकरांच्या खांद्यावर जें ओझें होतें त्याची कल्पना करणें कठीण आहे. साऱ्या देशाचे डोळे त्यांजकडे लागले होते. गांधीजींचे प्राण गेले असते तर दोष त्यांच्यावर आला असता, आणि गांवोगांवच्या निराधार अस्पृश्य वस्त्यांवर लोकांचा राग कसा निघाला असता तें सांगावयास नको. दुसऱ्या बाजूस, पदरांत पडलेला हक्क सोडला तर ज्यांच्यासाठीं झगडावयाचें त्यांचाच घात! पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग कधीं गांधीजींच्या तपश्चर्येची गोष्ट म्हणून, तर कधीं डॉ. आंबेडकरांवरील जुलमाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. आमच्या मतें उपोषणानें सवर्ण हिंदूंच्या मनास हालविलें, हें खरें. त्या आठवड्यांत कित्येक ठिकाणीं देवळें व विहिरी खुल्या झाल्या. परंतु एका माणसाचे प्राण तराजूंत घातल्यावर समोरच्या माणसाची संमति कितपत मोकळी राहते, हा प्रश्नहि तितकाच खरा आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्यावर वादविवाद अवश्य करावा.

सप्रू ह्यांनीं सुचविलेली दुहेरी निवडणुकीची तोड अखेर मान्य झाली. राखीव जागेसाठीं प्रथम अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनीं आपले चार उमेदवार निवडावे. मग त्या चारांतून एकास सर्व मतदारांनीं मिळून निवडावें. आपल्या उदाहरणांतील पांच मुलांनीं आधीं आपलीं नांवें सुचवावीं व त्यांतून चाळीसांनीं एक निवडावें, तशी ही तोड होती. तिची मुदत दहा वर्षांची ठरली. प्रांतिक कायदेमंडळांत एकंदर १४८ जागा राखून ठेवल्या गेल्या. त्यांत सिंधसह मुंबई इलाख्याच्या १५, मध्यप्रांताच्या २०, मद्रास व बंगाल ह्यांच्या प्रत्येकीं ३०. जातीय निवाड्याच्या मानानें हा आंकडा जवळजवळ दुप्पट होता. मध्यवर्ती कायदेमंडळांत सर्वसाधारण जागांपैकीं शेंकडा १८ जागा मिळावयाच्या होत्या. राखीव जागा किती वर्षें असाव्या ह्यावर शेवटपर्यंत ओढाताण झाली, आणि उभय पक्षांच्या संमतीनें पुढें ठरवावें असें लिहून तो वाद मिटविला गेला.

शनिवारीं सायंकाळीं सह्या झाल्या. सवर्ण हिंदूंच्या बाजूनें पंडित मालवीयांनीं व अस्पृश्य वर्गाच्या बाजूनें डॉ. आंबेडकरांनीं प्रमुख म्हणून सही केली. गांधीजींची सही त्या कागदावर नाहीं. राजगोपालाचारींस इतका आनंद झाला कीं, त्यांनीं डॉ. आंबेडकरांबरोबर आपल्या फौंटनपेनाची अदलाबदल केली. सह्या करणारांत पी. बाळू असें एक नांव आढळतें. क्रिकेटप्रेमी विद्यार्थ्यांनीं हें नांव विसरूं नये. हे पळवणकर बाळू, आपल्या काळचे नामांकित गोलंदाज. पुणें क्लबच्या मैदानाची निगा राखतां राखतां पुढें आले व १९११ सालीं इंग्लंडास गेलेल्या हिंदी संघांतर्फे त्यांनीं शंभरांहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या हिंदु संघांत ते खेळत, तेव्हां चहाच्या वेळीं त्यांस मंडपाबाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांतून चहा मिळे. चेंडू एकच, पेला मात्र निराळा! बाळू ह्यांचें मत संयुक्त मतदारसंघाकडे होतें, आणि १९३७ च्या निवडणुकींत ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहून पडले. एका समाजांतील सर्व माणसें एकच मत धरतात असें समजणें किती चुकीचें असतें, तें ह्यावरून दिसतें.

ब्रिटिश सरकारनें करार मान्य केल्याचें कळल्यावर, सोमवार, २६ सप्टेंबर रोजीं गांधीजींनीं संत्र्याचा रस घेऊन उपोषण सोडलें. कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर त्या वेळीं तेथें हजर होते. १९३५ च्या कायद्यांत कराराच्या अटी आल्या. डॉ. आंबेडकरांचें समाधान मात्र टिकलें नाहीं. संयुक्त मतदारसंघांतून खरे प्रतिनिधि येत नाहींत, असें त्यांस पुढील अनुभवानें वाटूं लागलें, आणि १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं काँग्रेसवर व गांधीजींवर कठोर टीका केली. १९५० सालीं अंमलांत आलेल्या घटनेनें अस्पृश्यता नष्ट केली व राखीव जागा संयुक्त मतदारसंघांत ठेवल्या. दुहेरी निवडणूक गेली.

जागांच्या आंकड्यांवर वाद होतात, म्हणून कराराचें नववें कलम सहसा कोणी वाचत नाहीं. प्रत्येक प्रांताच्या शिक्षणाच्या खर्चांतून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाच्या सोयीसाठीं पुरेशी रक्कम निराळी काढून ठेवावी, असें तें कलम सांगतें. हंटर आयोगापुढें जोतीरावांनीं निवेदन दिल्यास त्या वेळीं पन्नास वर्षें झालीं होतीं. आज ज्या मुलांस सरकारी शिष्यवृत्ति मिळते त्यांस ती कोणाची मेहेरबानी आहे असें कोणी म्हणेल, तर त्यांनीं हें कलम दाखवावें; तें दोन पक्षांनीं सही करून दिलेलें वचन आहे. आणि ज्या पालकांस त्या शिष्यवृत्तीविषयीं घरीं नाराजीनें बोलण्याची संवय असेल, त्यांनीं मुलांसमोर तरी बोलूं नये. तीच मुलें दुसऱ्या दिवशीं एका बाकावर बसावयाचीं असतात.

पुण्यास सहल नेतां आली तर जोतीरावांचा गंज पेठेंतील वाडा विद्यार्थ्यांस अवश्य दाखवावा. त्या पेठेस आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. त्यांची समाधिहि तेथेंच आहे. येरवड्याचा तुरुंग तेथून सुमारें दोन कोसांवर, नदीपलीकडे आहे. तो १८७१ सालीं बांधला गेला; म्हणजे सत्यशोधक समाजाची पहिली सभा भरली तेव्हां तो नवाच होता.

ह्या दोन दिवसांस जोडणारा एक दुवा सांगावयाचा राहिला. डॉ. आंबेडकर बुद्ध, कबीर व जोतीराव फुले ह्या तिघांस आपले गुरु म्हणत. जोतीराव वारले तेव्हां डॉ. आंबेडकरांचा जन्म व्हावयास अद्याप साडेचार महिने होते. गुरुशिष्यांची भेट कधींच झाली नाहीं. पुणें करारानंतर चौदा वर्षांनीं, १९४६ सालीं, शूद्र हे पूर्वीं कोण होते ह्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभींच्या पानावर, तो जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला असल्याचें त्यांनीं लिहून ठेविलें आहे.